आधी दाराला कडी बसवा, मग लपायला सांगा

प्रति,
विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, कुलसचिव, वसतिगृहांचे रेक्टर आणि सुरक्षा अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

मी विद्यापीठात शिकवते. परिसरात कुणी शस्त्र घेऊन शिरलं, जमाव चालून आला, गोळीबार किंवा चाकूहल्ला सुरू झाला तर काय करायचं, हे सांगणारी पत्रकं आता अनेक विद्यापीठांच्या भिंतींवर दिसतात. सल्ला बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये तो तीन शब्दांत बसवला: पळा, लपा, लढा. ब्रिटनच्या पोलिसांनी शेवटचा शब्द बदलून 'कळवा' असा केला. वाट मोकळी असेल तर सामान तिथेच टाकून निघायचं. निघता येत नसेल तर दार बंद करून नजरेआड व्हायचं. दुसरा काहीच उपाय उरला नाही, तरच हाताला लागेल ती वस्तू घेऊन सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं.

सल्ला योग्य आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पळायचं तर दुसरा जिना उघडा हवा. लपायचं तर दार आतून बंद व्हायला हवं. कळवायचं तर पलीकडे फोन उचलणारं कुणीतरी हवं. यातलं काहीही विद्यार्थ्याच्या हातात नसतं, माझ्याही नसतं. ते तुमच्या सहीने होतं. हल्ला सुरू झाल्यापासून पोलीस पोचेपर्यंत खोलीतली माणसं एकटी असतात. त्या मिनिटांत ती काय करू शकतील हे कित्येक महिने आधी ठरून गेलेलं असतं: दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात, खरेदीच्या फायलीत, संदेश पाठवण्याचा अधिकार कुणाला हे सांगणाऱ्या एखाद्या परिपत्रकात. म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

ती मिनिटं किती असतात? एफबीआयने अमेरिकेतल्या २००० ते २०१३ या काळातल्या अशा १६० हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यात शिक्षणसंस्था होत्या, दुकानं आणि कचेऱ्याही होत्या. ज्या ६३ घटनांचा कालावधी नक्की सांगता आला, त्यांपैकी ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या आणि त्यांतल्या २३ तर दोन मिनिटांच्या आत. दोन मिनिटांत फाटकावरचा सुरक्षारक्षक तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही. जे काही वाचवणार आहे ते आधीच त्या खोलीत असावं लागतं.

सर्वांत आधी दाराबद्दल लिहिते, कारण आपण सगळ्यांत कमी विचार त्याचाच करतो.

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यातले ३० नॉरिस हॉल या एकाच इमारतीत, दहा-बारा मिनिटांत. हल्लेखोराने आत शिरल्यावर बाहेर पडायची मुख्य दारं साखळदंडाने बांधून टाकली होती. वर्गांच्या दारांना आतून कुलूप नव्हतं. २०५ क्रमांकाच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांनी मोठं टेबल दाराशी सरकवलं आणि जमिनीवर पडून ते हातापायांनी रेटून धरलं. दारातून गोळ्या आत आल्या, पण तो आत येऊ शकला नाही. त्या खोलीतल्या कुणालाही गोळी लागली नाही. त्याच मजल्यावरच्या २०४ मध्ये प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी स्वतःच्या अंगाने दार अडवलं, मुलांना खिडकीतून उड्या मारायला वेळ मिळवून दिला आणि त्यात त्यांचा जीव गेला. ज्यूंच्या हत्याकांडातून बालपणी वाचलेले ते गृहस्थ होते, वय ७६. त्यांचं नाव आदराने घेतलं जातं आणि घ्यायलाच हवं. पण ७६ वर्षांच्या शिक्षकाला दार अंगाने अडवावं लागलं, कारण त्या दाराला आतून लावायला काही नव्हतं. त्यांच्या धैर्याची आठवण काढताना ही दुसरी गोष्ट आपण सोडून देतो, याचा मला त्रास होतो.

बरं, तो धडा तिथे संपायला हवा होता. १ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अभियांत्रिकीच्या इमारतीत गोळीबार झाला, तेव्हा आसपासच्या वर्गांतल्या मुलांच्या लक्षात आलं की दारं बाहेर उघडतात आणि आतून बंद होत नाहीत. कुणी कमरेचे पट्टे मुठीला बांधून दुसरं टोक खुर्च्यांना अडकवलं, कुणी वायरी बांधल्या. त्या मुलांचे फोटो जगभर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले आणि पाच गंभीर जखमी झाले. त्यानंतर त्या विद्यापीठाने वर्गांच्या दारांना आतून लावायची कुलुपं बसवायचं काम हाती घेतलं. व्हर्जिनिया टेक आणि मिशिगन यांच्यामध्ये जवळजवळ सोळा वर्षं आहेत. दरम्यान २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत लहान मुलांचं हत्याकांड झालं, त्यावर नेमलेल्या आयोगाने वर्गाचं दार आतून कुलूपबंद करता यायला हवं अशी स्पष्ट शिफारस केली. ज्ञान होतं, अहवाल छापलेला होता. कमी पडली ती कामाची निकड.

असं दार कसं असावं, यात फार मोठं तंत्र नाही. ते लावण्यासाठी शिक्षकाला बोळात पाऊल टाकावं लागू नये, कारण बोळातच धोका असतो. किल्ली शोधावी लागू नये. भीतीने हात थरथरत असताना जुडग्यातली बरोबर किल्ली सापडत नाही. बटण दाबलं किंवा खिट्टी फिरवली की बंद, आणि आतून मूठ फिरवली की एका हाताने उघडं, म्हणजे आग लागली तर तेच दार सापळा होणार नाही. बाहेरून उघडणारी किल्ली सुरक्षा विभागाकडे असावी. 'आतून कडी दिली तर तिचा गैरवापर होईल, खोलीत कुणाला कोंडून त्रास दिला जाईल' हा आक्षेप मी प्रशासनाकडून ऐकला आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही, पण या बाहेरच्या किल्लीने त्याचं उत्तर मिळतं. दाराशेजारी काचेची पट्टी असेल तर काच फोडून हात आत घालता येतो, म्हणून तिचाही बंदोबस्त हवा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर टेबलं रचून उपयोग नाही. अशा खोलीत कुलूप हाच एकमेव आधार असतो आणि मोठी व्याख्यानगृहं बहुधा अशीच असतात.

आता उलट बाजू. जी दारं उघडी हवीत ती आपण बंद ठेवतो. चोरी होऊ नये, मुलं रात्री बाहेर जाऊ नयेत, कुणी आडवाटेने येऊ नये म्हणून मागच्या जिन्याला कुलूप घातलं जातं. मग त्या जिन्यावरची 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही हिरवी पाटी खोटी ठरते. आतून ढकलताच उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा आडव्या दांड्याचा दरवाजा अनेक दशकांपासून मिळतो. तो बसवताना जोडदारांच्या दोन मुठींतून साखळी ओवता येणार नाही असा निवडा; व्हर्जिनिया टेकने नंतर आपल्या इमारतींच्या दारांमध्ये नेमका हाच बदल केला. आणि जी बाहेरची दारं बंद राहायला हवीत त्यांच्याकडेही पाहा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहातल्या खोलीत खून झाला. वसतिगृहाची आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी वस्तू अडकवून उघडी ठेवलेली होती. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० मध्ये तिथे कायदा झाला: विद्यापीठांनी आपल्या परिसरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर केली पाहिजे आणि धोका असेल तर वेळेवर इशारा दिला पाहिजे.

वेळेवर इशारा म्हणजे काय, यावरून मी पुन्हा व्हर्जिनिया टेककडे जाते. त्या दिवशी पहिला गोळीबार नॉरिस हॉलमध्ये झालाच नव्हता. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाचा पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करत आहेत, सावध राहा, एवढंच होतं. कुणी मेलं आहे आणि मारणारा मोकळा आहे, हे त्यात नव्हतं. नऊ चाळीसच्या सुमारास नॉरिस हॉलमधला गोळीबार सुरू झाला. नंतरच्या चौकशी समितीने दाखवून दिलं की विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतः संदेश पाठवताच येत नव्हता. त्यांनी वरिष्ठांच्या गटाला विनंती करायची, गटाने बसून मजकूर ठरवायचा, मग तो जायचा. त्या बैठकीत वाईट माणसं बसली होती असं मला वाटत नाही. शब्द जपून वापरावेत, घबराट नको, खात्री झाल्याशिवाय बोलू नये, असं वाटणारी, तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती. नेहमीच्या कामात हे गुण असतात. पण इथे दोन तास त्यात गेले.

याच्या उलट उदाहरण ओहायो स्टेट विद्यापीठाचं. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी एकाने मोटार पादचाऱ्यांवर घातली आणि उतरून चाकूने वार करत सुटला. जवळच असलेल्या पोलिसाने त्याला मिनिटा-दोन मिनिटांत गोळी घातली. विद्यापीठाचा संदेशही काही मिनिटांतच गेला: बंदूकधारी आहे, पळा, लपा, लढा, आणि इमारतीचं नाव. त्यातला तपशील चुकलेला होता, कारण हल्लेखोराकडे बंदूक नव्हती. तरी तो संदेश गेला हे बरोबर झालं. लोक दारं लावून बसले आणि नंतर खरी माहिती कळली. चुकलेला तपशील दुसऱ्या संदेशात दुरुस्त होतो. न गेलेल्या संदेशाला तशी दुसरी संधी नसते.

तेव्हा माझी विनंती अशी. संदेश पाठवण्याचा अधिकार रात्रपाळीच्या सुरक्षा प्रमुखाला द्या. तुमच्या मोबाइलवर फोन लावून, तुम्ही बैठकीत आहात असं ऐकून त्याला थांबावं लागू नये. मजकुराचे साचे आधीच लिहून ठेवा, म्हणजे फक्त जागेचं नाव भरायचं राहील. 'परिसरात अनुचित प्रकार घडला असून सर्वांनी सतर्क राहावे' असल्या वाक्याने माणसाला काहीच कळत नाही. कुठे, काय, आणि मी आत्ता काय करू, एवढं त्याला हवं असतं. 'रसायनशास्त्र इमारतीत गोळीबार. तिकडे जाऊ नका. जवळच्या खोलीत शिरा, दार आतून लावा. पुढचा संदेश दहा मिनिटांत.' असा मजकूर मोबाइलच्या बंद पडद्यावरही पूर्ण वाचता येतो. आणि दहा मिनिटांनी नवं काहीच कळलेलं नसलं तरी 'शोध सुरू आहे, आतच थांबा' असा संदेश गेलाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये चॅपेल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एका प्राध्यापकाची हत्या झाली आणि सगळा परिसर सुमारे तीन तास बंद होता. तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राने दोन दिवसांनी पहिल्या पानावर फक्त त्या तासांतले मोबाइल संदेश छापले: आईवडिलांचे, मित्रांचे, भावंडांचे. तू कुठे आहेस, ठीक आहेस ना, उत्तर दे. तुम्ही गप्प राहिलात की ती जागा अफवा भरून काढतात आणि अफवा ऐकून मुलं सुरक्षित खोली सोडून धावत सुटतात.

खोट्या फोनचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना पाठोपाठ गोळीबाराचे बनावट फोन आले आणि सत्राच्या पहिल्याच दिवसांत हजारो मुलं टेबलांखाली बसली. म्हणून फोन आला की आधी खातरजमा, मग संदेश, असा क्रम लावावासा वाटेल. तसं करू नका. इशारा लगेच द्या, खातरजमा त्याच वेळी सुरू करा आणि फोन खोटा निघाला तर तेवढ्याच स्पष्टपणे, तेवढ्याच लोकांना कळवा.

एक गोष्ट नेहमी शेवटी आठवते, म्हणून इथेच लिहिते. ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंगा उपयोगाचा नाही. ज्याला दिसत नाही त्याला पडद्यावरची अक्षरं उपयोगाची नाहीत. चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्याला 'जिन्याने पळा' म्हणणं म्हणजे त्याला मागे सोडणं आहे. मोबाइल संदेश, भोंगा, वर्गातले पडदे, संगणक या सगळ्या वाटा एकाच वेळी चालाव्यात, आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याशी सत्राच्या आरंभीच बसून ठरवावं की कुठल्या मजल्यावर त्याने कुठल्या खोलीत जायचं आणि त्याच्याबरोबर कोण राहील.

आता सरावाबद्दल. इथे मात्र उत्साहाला आवर घाला, असं सांगायचं आहे. २ एप्रिल २०१५ रोजी केनियातल्या गारिसा विद्यापीठ महाविद्यालयावर पहाटे अल-शबाब या दहशतवादी संघटनेने हल्ला केला. १४८ जण मारले गेले, त्यातले बहुसंख्य विद्यार्थी. मोठ्या विद्यापीठांवर हल्ल्याची शक्यता असल्याचे इशारे आधी दिले गेले होते, तरी फाटकावर पहारा अगदी तोकडा होता आणि राजधानीतून निघालेलं विशेष पथक वसतिगृहात शिरेपर्यंत संध्याकाळ होत आली होती. त्यानंतर त्या देशातल्या विद्यापीठांत जी भीती बसली तिचे परिणाम पाहा. दहाच दिवसांनी नैरोबी विद्यापीठाच्या किकुयू परिसरात पहाटे विजेच्या यंत्रणेत स्फोट झाले. मुलांना वाटलं, हल्ला झाला. वसतिगृहातून उड्या मारताना आणि चेंगराचेंगरीत एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि शंभराहून अधिक जखमी झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नैरोबीतल्या स्ट्रॅथमोर विद्यापीठात सुरक्षेचा सराव ठेवला होता. गोळीबाराचे आवाज झाले, आणि हा सराव आहे हे अनेकांना माहीतच नव्हतं. लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. विद्यापीठाची एक कर्मचारी त्यात मरण पावली, कित्येक जखमी झाले. एकही हल्लेखोर तिथे नव्हता.

म्हणून सराव करा, पण सांगून करा. तारीख, वेळ, काय होणार, सगळं आधी जाहीर करा. खोटे गोळीबार, रंगवलेलं रक्त, बंदूक घेऊन पळणारा नट, यांची काहीएक गरज नाही. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये युद्धातून, दंगलीतून, घरातल्या मारहाणीतून आलेली मुलं असतात आणि त्यांच्या अंगावर हे नाटक करण्याचा अधिकार कुणालाच नाही. सराव म्हणजे दार लावून पाहणं, दिवा मालवणं, भिंतीच्या कोणत्या बाजूला बसलं तर दारातून दिसत नाही ते बघणं, मागच्या जिन्याने एकदा खाली उतरून येणं. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक इमारतीत व्हावं आणि त्यात सफाई कर्मचारी, ग्रंथालयातले मदतनीस, उपाहारगृहातले कामगार, कंत्राटी रखवालदार सगळे असावेत. बोळात सगळ्यांत आधी हल्लेखोर दिसतो तो बहुधा यांनाच.

त्या पंधरा मिनिटांत मुलांना चार गोष्टी सांगायला हव्यात, ज्या पत्रकांवर क्वचितच असतात. फोन निःशब्द करा, नुसता कंपनावर ठेवू नका, शांत खोलीत कंपनही ऐकू जातं. दार एकदा लावलं की बाहेरून कुणी 'उघडा, पोलीस आहे' म्हणून हाक मारली तरी घाईने उघडू नका. पोलिसांना आत यायचं असेल तर किल्ली घेऊन येतील. पोलीस समोर आले की हात रिकामे आणि उघडे दिसू द्या, मोबाइलसुद्धा हातात नको, आणि त्यांना बिलगायला धावू नका. हल्लेखोर कोण हे त्या क्षणी त्यांना ठाऊक नसतं. ते जखमींना ओलांडून पुढे जातील, हेही आधी माहीत असावं, कारण त्यांचं पहिलं काम गोळीबार थांबवणं हे आहे. ही पद्धत पोलिसांनीही फार मोठी किंमत मोजून शिकली. ६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी संस्थेत एका माणसाने १४ स्त्रियांना वेचून मारलं, तेव्हा पोलीस बाहेर वेढा घालून थांबले होते. २००६ मध्ये त्याच शहरातल्या डॉसन कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा पोलीस न थांबता आत घुसले. योगायोगाने दोघे पोलीस दुसऱ्या कामासाठी तिथे आधीच आलेले होते. एका विद्यार्थिनीचा जीव गेला, अनेक जखमी झाले, पण १९८९ ची पुनरावृत्ती टळली.

पोलीस जखमींना ओलांडून जाणार असतील, तर जखमींजवळ कोण असेल? शेजारी बसलेला वर्गमित्र. हाता-पायातून धमनीचं रक्त वाहत असेल तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, रुग्णवाहिका त्याआधी येत नाही. जखमेवर कापड दाबून पूर्ण भार टाकून धरणं, आणि तेवढ्याने रक्त थांबलं नाही तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, चार बोटं अंतर सोडून, सांध्यावर न येऊ देता टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा, बांधणं, रक्त थांबेपर्यंत आवळणं आणि वेळ लिहून ठेवणं, एवढं कुणालाही तासाभरात शिकता येतं. अमेरिकेत २०१५ पासून सामान्य नागरिकांना हे शिकवण्याची मोठी मोहीम चालू आहे. प्रत्येक मजल्यावर अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी या सामानाची एक पेटी ठेवा. आणि ती कुलपात ठेवू नका.

या सगळ्याच्या आधीचीही एक वेळ असते, जेव्हा काहीच घडलेलं नसतं. व्हर्जिनिया टेकच्या चौकशीत दिसलं की त्या हल्लेखोर विद्यार्थ्याबद्दल इंग्रजी विभागाला काळजी होती, पोलिसांकडे तक्रारी होत्या, वसतिगृहाला माहीत होतं, न्यायालयाने त्याला मानसोपचार घ्यायला सांगितलं होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि गोपनीयतेच्या कायद्याने बोलायला मनाई आहे अशा चुकीच्या समजुतीने ते तुकडे एकत्र आले नाहीत. व्हर्जिनिया राज्याने २००८ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांना धोक्याचं मूल्यमापन करणारा गट नेमायला लावला. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात एका विभागप्रमुखाची माजी विद्यार्थ्याने हत्या केली. विभागातले लोक कित्येक महिने धमक्यांची माहिती देत होते. त्या माणसाला परिसरात येण्यास बंदी होती, आणि तो आला.

असा गट नेमा, पण त्याचं काम शिक्षा करणं असं होऊ देऊ नका. विचित्र वागणारा, एकटा राहणारा, निराशेचं लिहिणारा प्रत्येक मुलगा धोकादायक नसतो. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कधीही कुणावर हात उगारत नाहीत. तक्रार केली की मित्राला काढून टाकतील, असं मुलांना वाटलं तर ती गप्प बसतील. मदत मिळेल असं वाटलं तर सांगतील. पाठलाग करणाऱ्या माजी प्रियकराबद्दल तक्रार घेऊन आलेल्या मुलीला 'हा तुमचा खाजगी मामला' असं सांगून परत पाठवू नका. अनेकदा धोक्याची सगळ्यांत आधीची खबर तिच्याकडेच असते.

मला ठाऊक आहे, तुमच्यासमोर हे पत्र येईल तेव्हा शेजारी गळक्या छपरांची, रिकाम्या पदांची, परीक्षांची फाईल असेल. असे हल्ले क्वचित होतात, बहुतेक विद्यापीठांत ते कधीच होणार नाहीत, हेही खरं आहे आणि मुलांना ते सांगितलंही पाहिजे. पण आतून लागणारं दार आणि उघडणारा मागचा जिना आग लागली तरी, जमाव आला तरी, रात्री ग्रंथालयात एकटी बसलेली मुलगी घाबरली तरी उपयोगी पडतात. दहशतीच्या नावाने पहारे वाढवायचे, फाटकावर झडत्या घ्यायच्या, सभांना बंदी घालायची, असा अर्थ मात्र यातून काढू नका. मुलांवर संशय घेणारा परिसर त्यांचं रक्षण करत नाही, कारण तिथे कुणी कुणाला काही सांगायला येत नाही.

मागणी मोठी नाही. येत्या सत्राआधी तुमच्या एका अभियंत्याला आणि एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन प्रत्येक इमारतीत फिरा. प्रत्येक खोलीचं दार आतून लावून पाहा, प्रत्येक मागचा जिना स्वतः ढकलून उघडून पाहा. ज्या खोल्यांची दारं लागत नाहीत त्यांची यादी करा, प्रत्येकीपुढे दुरुस्तीची तारीख लिहा आणि ती तारीख आम्हा शिक्षकांना कळवा. यादी सगळ्यांसमोर लावू नका, ती चुकीच्या माणसाच्या हाती पडायला नको. पण आम्हाला सांगा. ज्या खोलीला कडी नाही तिथे ती बसेपर्यंत मी माझा वर्ग दुसरीकडे घेईन, त्यासाठी वेळापत्रक बदलावं लागलं तरी चालेल.

आपली,
एक अध्यापिका